बारवेच्या ‘ब’चं पोट

गुरुजींचा फोन आला तेव्हा मी एका मसाल्याच्या पाकिटावरचा बारकोड दोन मिलिमीटर उजवीकडे सरकवत बसले होते. “ताई, आमच्या बारवेला एक चिन्ह करून द्या,” ते म्हणाले. “पैसे फारसे नाहीत. पिठलं-भाकरी मात्र पोटभर.”

सातारा जिल्ह्यातलं हे माझं आजोळ. गावाबाहेर ओढ्याकाठी एक जुनी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आहे. लहानपणी आम्हाला तिकडे फिरकू देत नसत. अर्धी गाळानं भरलेली, वर घाणेरीचं रान, आत बाटल्या. निवृत्त झाल्यावर गुरुजींनी गावातली चार पोरं धरली, दर रविवारी घमेली-फावडी घेऊन उतरायला लागले, आणि दोन पावसाळ्यांच्या मधे 41 पायऱ्या मोकळ्या केल्या. आता त्यांना पावतीपुस्तक छापायचं होतं, रबरी शिक्का हवा होता, पोरांना टी-शर्ट हवे होते आणि काम पुरं झालं की काठावर बसवायला एक कोरलेला दगड. चारही ठिकाणी चालेल असं एकच चिन्ह.

दोन संध्याकाळींचं काम आहे असं वाटून मी हो म्हणाले. अडीच महिने गेले.

पहिल्या आठवड्यात मी काढत होते ते सगळे दगड होते. काठाचे चिरे, पायऱ्या, आतले कोनाडे, वरची कमान. वरून काढलं की कॅमेऱ्याची लेन्स व्हायची, बाजूनं काढलं की क्रिकेटचं स्टेडियम. पायऱ्या वाढवल्या तर नवऱ्यानं खांद्यावरून डोकावून विचारलं, “मेट्रोचं काम मिळालं का?” पाण्याचा थेंब मी ठरवून टाळला होता. पाण्याशी संबंध असलेल्या दर दुसऱ्या संस्थेच्या लेटरहेडवर तो असतो, आणि निळाच असतो.

मग एका रविवारी गावी गेले. कागद-पेन्सिल न काढता नुसती शेवटच्या मोकळ्या पायरीवर बसले. तिथून वर पाहिलं तर दिसतो तो आभाळाचा एक गोल तुकडा, आणि त्या गोलाला एका बाजूनं दातरे पडलेले, पायऱ्यांचे. दगड अंधारात गेलेले. उजेड होता तो फक्त रिकाम्या जागेत. देऊळ बांधताना दगडावर दगड चढवतात. बारवेत आधी माती बाहेर जाते आणि उरलेल्या खड्ड्याला दगडाचं अस्तर लागतं. मी आठवडाभर अस्तर रेखाटत होते.

खरं तर हे मला विसाव्या वर्षीच शिकवलं होतं. कला महाविद्यालयात फाउंडेशनच्या वर्गाला असताना सरांनी वर्गाच्या मधोमध एक मोडकी खुर्ची ठेवली आणि सांगितलं, खुर्ची काढायची नाही, खुर्चीच्या दांड्यांमधली हवा काढायची. तिकोनी हवा, चौकोनी हवा, पाठीच्या पट्ट्यांमधली अरुंद हवा. सगळे तुकडे बरोबर बसले की खुर्ची आपोआप उमटते, आणि पाहून काढलेल्या खुर्चीपेक्षा जास्त नीट उमटते, कारण हवेचा आकार कसा असतो याबद्दल आपल्या डोक्यात आधीपासून काही भरवलेलं नसतं. मी त्या चित्राला चांगले मार्क मिळवले आणि पुढची पंधरा वर्षं मसाल्याची पाकिटं केली.

या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट एडगर रुबिन या डॅनिश मानसशास्त्रज्ञानं 1915 साली मांडली. त्याचं फुलदाणीचं चित्र बहुतेकांनी पाहिलेलं असतं: पांढरं पाहिलं तर फुलदाणी, काळं पाहिलं तर समोरासमोर दोन चेहरे. गंमत म्हणून ते सगळीकडे फिरतं, पण कामाची गोष्ट वेगळी आहे. दोन रंगांमधली कड एका वेळी एकाच बाजूची असते. ती फुलदाणीची झाली की चेहरे नुसती मागची जागा होतात, त्यांना आकारच उरत नाही. डोळा दोन्हीकडे एकदम कड वाटून देत नाही. म्हणजे निगेटिव्ह स्पेसचं, रिकाम्या जागेतून आकार दाखवणारं, चिन्ह करताना प्रत्येक रेषेपाशी एकच प्रश्न विचारायचा: ही कड कोणाची? काळ्याची की पांढऱ्याची? हा प्रश्न मला पुढे दगडापर्यंत पुरला.

(फुलदाणीचा मोह मलाही झाला होता. दोन बायकांचे चेहरे आणि मधे घागर असा एक कच्चा आराखडा मी केलाही. मामीनं पाहिला आणि म्हणाली, “पाण्यावरून भांडतायत वाटतं.” तो तिथेच फाडला.)

‘ब’ सापडला तो कंटाळ्यातून. पावतीपुस्तकाचा मथळा टाइप करत होते. आधी चुकून ‘विहीर’ टाइप केलं, खोडून ‘बारव’ केलं, आणि स्क्रीनवर पहिल्या अक्षराच्या जागी एक तिरकी रेघ आल्यासारखी वाटली. ‘व’चा ‘ब’ झाला होता. विहिरीच्या ‘व’च्या पोटात डावीकडून उजवीकडे उतरणारी एक रेघ टाकली की बारवेचा ‘ब’ होतो. आणि खरोखरच्या विहिरीत पायऱ्या उतरवल्या की तिची बारव होते. मी उठून पाणी प्यायले. तेवढ्यात दुसरी गोष्ट लक्षात आली: ‘बारव’ शब्द सुरू होतो ‘ब’नं आणि संपतो ‘व’नं. एका टोकाला पायऱ्यांचं पोट, दुसऱ्या टोकाला बिनपायऱ्यांचं.

अक्षराच्या आतल्या बंद जागेला पोट म्हणणं काही माझं नाही. शाळेत आपण सगळेच ‘पोटफोड्या ष’ म्हणत मोठे झालो. पण देवनागरी किती पांढऱ्यावर उभी आहे ते हातानं अक्षर काढायला लागल्यावर कळतं. ‘घ’ आणि ‘ध’ लिहून बघा. ‘म’ आणि ‘भ’ लिहा. शिरोरेषेत ठेवलेल्या इवल्याशा मोकळ्या जागेवर केवढं काम टाकलेलं आहे. ती जागा शाईनं भरली की धन घन होतं.

तर आता काम असं: ‘ब’च्या पोटातल्या रेघेची पायरी करायची. लिहायला सोपं आहे. मी रेघेच्या खालच्या कडेला दातरे पाडले. चांगलं दिसलं, छापून फ्रिजवर लावलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना लक्षात आलं की हा जिना खालून पाहिलेला आहे. जिन्याखाली आपण सायकल लावतो ती जागा. माणूस उतरतो तो वरच्या कडेवरून. दातरे वर घेतले.

वर घेतल्यावर नवीन अडचण. रेघेमुळे पोटाचे दोन पांढरे तुकडे होतात. वरचा उजवा तुकडा म्हणजे माणूस जिथून चालतो ती पोकळी. ते ठीक. पण खालच्या डाव्या तुकड्याचं काय? पायरीखाली तर जमीन असते, ती काळी हवी. मी तो तुकडा काळा करून टाकला. चित्र एकदम खणखणीत झालं, पायऱ्या दिसायला लागल्या, आणि अक्षर गेलं. सगळे ‘वारव’ वाचायला लागले. उलट दोन्ही तुकडे मोठे ठेवले की अक्षर ‘ब’ राहतं, पण पायऱ्यांऐवजी पांढरे तुकडेच पुढे येतात. माझ्या भाचीला त्यात शिडाची होडी दिसली, शेजारच्या काकूंना अर्धा कापलेला पेरू. यालाही कारण आहे. चारही बाजूंनी बंद, लहान आणि फुगीर आकार दिसला की डोळा त्यालाच वस्तू समजतो आणि बाकीच्याला मागे ढकलतो. मी न मागता दोन वस्तू तयार करून ठेवल्या होत्या.

यावर तीन आठवडे गेले. बटर पेपरवर काळ्या पोस्टर कलरनं पोट भरायचं, पांढऱ्यानं खणायचं, पुन्हा भरायचं. संगणकावर हे काम मला जमत नाही. तिथे आकार सरकवता येतो, खणता येत नाही. पायऱ्या 7 होत्या, त्या 5 झाल्या, शेवटी 4 राहिल्या. गुरुजींचं म्हणणं होतं की 41 च्या 41 हव्यात. “पोरांनी मोजून काढल्यात, ताई.” त्यांना समजवायला 41 पायऱ्यांचा ‘ब’ काढून पाठवला. त्यावर त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: “करवत वाटते. 4 ठीक.”

खालच्या तुकड्यावर उपाय निघाला तो असा. तो पूर्ण भरायचा नाही आणि मोठाही ठेवायचा नाही. पोटाच्या गोलाईला चिकटून एक बारीक कोर तेवढी ठेवायची. अक्षर वाचणाऱ्याला ती पुरते, ‘ब’ फुटत नाही. चित्र पाहणाऱ्याला ती तळाशी चमकणारं पाणी वाटू शकते. फुगीर नसल्यामुळे ती वस्तू होऊन पुढे येत नाही. आता पोटात एकच मोठी पोकळी, तिला चार पायऱ्यांची कड, आणि खाली कोर. शेवटच्या ‘व’च्या पोटात मी काहीही केलं नाही. तिथे मासा, कासव, कमळ यांपैकी काहीतरी घाला अशा तीन सूचना आल्या. ‘ब’नं एवढं बोलल्यावर ‘व’नं गप्प बसावं, असं मी कळवलं.

एका गावकऱ्यानं मात्र नेमकं बोट ठेवलं: “विहीर वरनं बघितलेली, आन् पायऱ्या बाजूनं. असं कसं?” बरोबर होतं त्याचं. पण जुन्या चित्रांत तळं वरून आणि त्यातले मासे बाजूनं काढलेले असतात, ते आपण चालवून घेतोच. अक्षरातही चालतं. वरून पाहिलेल्या विहिरीचा आकार किती सोपा असू शकतो हे पाहायचं असेल तर साताऱ्याजवळच लिंब गावी बारा मोटेची विहीर आहे. वरून पाहिलं की अष्टकोनी विहीर आणि तिला जोडलेला पायऱ्यांचा मार्ग मिळून शिवपिंडीचा आकार होतो. मला त्यात कायम कुलपाचं भोक दिसतं. तसाच आकार आपण रोज पासबुकावर पाहतो: निळी तबकडी, मधे छोटा पांढरा गोल, त्यातून खाली गेलेली पांढरी चीर. स्टेट बँकेचं ते चिन्ह अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या शेखर कामत यांनी 1971 मध्ये केलं. कोणी त्याला कुलपाचं भोक म्हणतं, कोणी अहमदाबादचा कांकरिया तलाव. काहीही म्हणा, त्यातलं सगळं सांगणं पांढऱ्यानं केलेलं आहे आणि निळ्यानं फक्त त्याला जागा करून दिली आहे.

पावतीपुस्तक छान छापून आलं. शिक्क्यानं मात्र घात केला.

शिक्का होता 20 मिलिमीटर व्यासाचा. त्यात ‘बारव’ शब्द, खाली गावाचं नाव. गुरुजींनी पहिल्याच दिवशी तीसेक पावत्यांवर मारला आणि फोन केला. “ताई, हे ‘वारव’ काय आहे? वारुळासारखं वाटतंय.” पॅडची शाई कोरीत भरली होती आणि ‘ब’ पुन्हा ‘व’ झाला होता. फ्रिजवरच्या ए-फोर कागदावर जी कोर ऐटीत दिसायची, ती शिक्क्यावर केसाएवढी होती. हा प्रकार मला माहीत असायला हवा होता. स्वस्त कागदावरच्या बारीक छपाईत ‘ब’ आणि ‘व’ यांच्यात शाई हस्तक्षेप करतेच. मॅथ्यू कार्टरनं 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या टेलिफोन डिरेक्टरीसाठी बेल सेंटेनियल हा टाइप, म्हणजे छपाईच्या अक्षरांचा संच, तयार केला, तेव्हा अक्षरांच्या सांध्यांत आधीच खाचा पाडून ठेवल्या. पसरणारी शाई त्या खाचा भरते आणि छापल्यावर अक्षर साफ दिसतं. मोठं करून पाहिलं तर तो टाइप उंदरांनी कुरतडल्यासारखा वाटतो.

मीही तेच केलं. शिक्क्यासाठी वेगळा ‘ब’ काढला: पायऱ्या 3, कोर तिप्पट जाड, आणि पायऱ्यांच्या आतल्या कोपऱ्यांत खाचा. स्क्रीनवर तो इतका बेंगरूळ दिसतो की मी तो कोणाला दाखवत नाही. शिक्का मारल्यावर मात्र बरोबर मूळ चिन्हासारखा उमटतो.

टी-शर्टची गोष्ट उलट झाली. पोरांना काळेच हवे होते, कारण गाळात पांढऱ्याचं काही खरं नाही. नारायण पेठेतल्या स्क्रीन प्रिंटरला मी फाइल दिली आणि त्यानं नेहमीसारखं विचारलं, “मॅडम, रिव्हर्स मारू ना?” आमच्या धंद्यात रिव्हर्स हा रोजचा शब्द आहे, काळ्यावर पांढरं. मी हो म्हणाले. काळ्या कापडावर पांढरा एका हातात बसत नाही, दोनदा मारावा लागतो, म्हणजे रेषा थोडी पसरते. शिवाय काळ्यावरचं पांढरं डोळ्यालाच मोठं दिसतं. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं 19व्या शतकात याच्यावर लिहून ठेवलंय, इरॅडिएशन म्हणतात त्याला. दोन्ही मिळून अक्षर सुजलं आणि पोट आवळलं. दुसऱ्या नमुन्याला मी पांढरी रेषा सगळीकडून थोडी बारीक केली, पोटं मोठी केली. पट्टीनं मोजलं तर काळं चिन्ह आणि पांढरं चिन्ह वेगळी आहेत. भिंतीवर शेजारी लावली तर सारखी दिसतात.

पण खरा धक्का तो नव्हता. पहिला टी-शर्ट अंगात घालून एक पोरगं उभं राहिलं आणि दुसरं म्हणालं, “आता खोल वाटतंय.” दोन महिने मी पांढऱ्या पोटाची बारव काढत होते, कागद पांढरा असतो म्हणून. विहिरीचं पोट काळं असतं, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. उलटल्यावर पायऱ्या उजेडात आल्या आणि अंधारात उतरायला लागल्या. कोर तेवढी गेली, पाणी काळं झालं. मला कोरेचं दुःख झालं, पण खोली मिळत असेल तर कोर गेलेली परवडते.

यावरून गुरुजींचं आणि माझं जुंपलं. मी म्हटलं, आता सगळीकडे काळ्या चौकोनात पांढरं अक्षर असंच वापरू या. ते म्हणाले, पावतीपुस्तकाच्या प्रत्येक पानावर काळा चौकोन छापायचा तर शाईचे पैसे कोण देणार, आणि दुखवट्यासारखं दिसतं ते वेगळंच. निसर्गासाठी काम करणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफनं 1961 मध्ये पांडा निवडला, त्यामागे तो काळ्या-पांढऱ्यात भागतो आणि छपाई स्वस्तात होते हाही विचार होता, हे मी त्यांना कौतुकानं सांगायला गेले. “मग बघा,” ते म्हणाले, “मोठे लोकसुद्धा शाई वाचवतात.” त्या पांड्याच्या आजच्या रूपात डोक्याला आणि पाठीला बाहेरची रेषाच नाही, पांढरा कागदच पाठ होतो, हे सांगायचं माझं राहूनच गेलं. कागदावर काळं अक्षर, कापडावर पांढरं, अशी तडजोड झाली.

उरला दगड. पाथरवट मामा शेजारच्या गावचे. आयुष्यभर पाटे-वरवंटे, उंबरे आणि अलीकडे समाधीचे दगड. त्यांच्यापुढे मी हातभर मोठा प्रिंट पसरला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, फिरवला, आणि विचारलं, “ह्यातलं काढायचं काय आन् ठेवायचं काय?”

मी तोंड उघडलं आणि मिटलं. कागदावर काळं म्हणजे शाई, पांढरं म्हणजे कागद. बसाल्टला दोन रंग नाहीत. अक्षर कोरून काढलं तर पायऱ्या खोल जाणार आणि विहिरीचं पाणी काठाच्या वर येणार. फक्त पोटं कोरली तर विहीर खरोखर खड्डा होईल, पण अक्षराची बाहेरची कड कुठे संपते ते कळणार नाही, सगळा दगडच अक्षर होईल. आजूबाजूचा दगड उतरवून अक्षर उठावात ठेवायचं तर महिन्याचं काम, आणि पैसे पिठलं-भाकरीचे. ही कड कोणाची, हा प्रश्न आता छिन्नीनं विचारला होता.

मामांनीच मार्ग काढला. अक्षर घासून गुळगुळीत ठेवायचं, ते काळंभोर दिसतं. बाहेरचा दगड खोल न्यायचा नाही, नुसता टाकीनं टिचून खडबडीत करायचा, तो राखाडी होतो. आणि पोटं तेवढी बोटभर खोल घ्यायची. म्हणजे तीन पातळ्या झाल्या: काळं, राखाडी आणि सावली. मी अडीच महिने दोन रंगांत झगडत होते आणि त्यांनी एका रंगात तीन काढून दाखवले. पायऱ्यांच्या कडांना त्यांनी किंचित उतार दिला. विचारलं तर म्हणाले, “पानी साचायला नगं.”

दगड बसवला त्या दिवशी मी पुण्यातच होते, कॅटलॉगची फाइल द्यायची होती. दुपारी गुरुजींचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. उघडला आणि पोटात गोळा आला. ‘ब’चं पोट खड्डा नव्हतंच. फुगून वर आलेलं, भाकरी टम्म फुगते तसं, आणि पायऱ्या त्या फुगवट्यावर चढत गेलेल्या. ‘व’चंही तेच. मी तडक मामांना फोन लावला. बाजूला हलगी वाजत होती, मला ओरडावं लागलं.

“मामा, पोटं वर ठेवलीत तुम्ही! कोरायची होती!”

“फोटो कुणी काढला?”

“गुरुजींनी.”

“पलीकडनं उभं राहून काढला असंल. सुलटा केला की ऊन खालनं येतं.”

डोळा उजेड वरूनच येतो असं धरून चालतो, म्हणून सावली वरच्या कडेला पडली की खड्डा वाटतो आणि खालच्या कडेला पडली की उंचवटा. हे मी चार वर्षं विद्यार्थ्यांना शिकवलेलं आहे, चंद्रावरच्या विवरांचे फोटो दाखवून. गुरुजींनी फोटो उलट्या बाजूनं काढला होता आणि मग अक्षरं वाचता यावीत म्हणून सुलटा करून पाठवला होता.

“फोन उलटा धरा की,” मामा म्हणाले.

धरला. दोन्ही पोटं आत गेली. अक्षरं उलटी झाली.